ऑडिओ ड्रायव्हरमधला मल्टिचॅनल कोड रिव्ह्यू करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, शिरपूर, भुसावळ इथून एम्बेडेड लिनक्सवर काम करणारे आणि शिकणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची ही उत्तरं. सगळी चर्चा लिनक्स कर्नलमधली आवाजाची यंत्रणा अल्सा आणि तिच्यातला एम्बेडेड चिपसाठीचा एसओसी भाग यांना धरून आहे. रिव्ह्यू म्हणजे दुसऱ्याने पाठवलेला कोडमधला बदल (पॅच) स्वीकारण्याआधी तपासणं. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. नावातला हायफन म्हणजे कोडमधला अंडरस्कोर.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे. श्रावणात कानबाई या देवीची गाणी ध्वनिमुद्रित करायचा आठ माइकचा रेकॉर्डर. चार माइक गाणाऱ्या बायकांसमोर, दोन ढोलकीला, एक टाळांना आणि एक अंगणाच्या कोपऱ्यात. आत माइकचा आवाज आकड्यांत बदलणाऱ्या, प्रत्येकी चार चॅनलच्या दोन एडीसी चिप, दोन्ही एकाच डेटा लाइनवर, ४८,००० हर्ट्झ, ३२ बिटांचे स्लॉट.

प्र. १. स्टिरिओत ड्रायव्हर नीट चालतोय. मग चॅनल्स-मॅक्स (कमाल चॅनलसंख्या) २ वरून ८ केलं की झालं, त्यात रिव्ह्यू करण्यासारखं काय आहे?

स्टिरिओत बऱ्याच चुका झाकलेल्या राहतात. डावं-उजवं उलटं झालं तरी ऐकणाऱ्याला पटकन कळत नाही, आणि दोन चॅनलना पुरतील अशा आकड्यांवर हार्डवेअर मूळ स्थितीतच चालतं. आठ चॅनल आले की प्रत्येक नमुन्याला ठरलेली जागा लागते आणि ती जागा पाच ठिकाणी जुळावी लागते: ॲपचा बफर, डीएमए (सीपीयूला न गुंतवता डेटा हलवणारा भाग), सीपीयूकडचा पोर्ट, तारेवरचा स्लॉट आणि कोडेकचं (ऑडिओ चिपचं, इथे एडीसीचं) रजिस्टर. यातल्या एका ठिकाणी मोजणी चुकली तरी आवाज येतच राहतो, फक्त ढोलकी टाळांच्या ट्रॅकवर जाऊन बसते. कर्नल लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही. म्हणून एका ओळीच्या पॅचलाही पूर्ण रिव्ह्यू लागतो.

प्र. २. टीडीएम, फ्रेम, स्लॉट हे शब्द कोडमध्ये सारखे येतात. सोप्या भाषेत काय?

टीडीएम म्हणजे एकाच तारेवरून अनेक चॅनल पाळीपाळीने पाठवणं. भुसावळच्या फलाटावर गाडी लागताना डोळ्यासमोर आणा. पूर्ण गाडी म्हणजे एक फ्रेम, एकेक डबा म्हणजे स्लॉट, डब्यातली आसनं म्हणजे बिट. फ्रेम-सिंक हा इंजिन कुठे आहे ते सांगणारा इशारा, आणि डबे मोजायचे ते तिथूनच. गाडी सेकंदाला ४८,००० वेळा येते. दर वेळी तिसऱ्या डब्यातून तिसऱ्याच माइकचा नमुना उतरला पाहिजे.

आय-टू-एस हा फिलिप्सने १९८६ मध्ये मांडलेला दोन डब्यांचा प्रकार. तिथे फ्रेम-सिंकची पातळीच डावं की उजवं ते सांगते. टीडीएममध्ये फ्रेम-सिंक फक्त सुरुवात दाखवतो, पुढचं सगळं मोजणीवर. म्हणून मोजणी एका बिटाने किंवा एका स्लॉटने चुकली की पुढचे सगळे डबे चुकतात.

काही चिपमध्ये आठ चॅनलसाठी टीडीएम नसतं. त्याऐवजी आय-टू-एसच्या चार डेटा लाइन असतात, प्रत्येकीवर दोन चॅनल. पॅच हातात घेतला की यातला कोणता प्रकार आहे ते आधी बघा, कारण तपासायच्या जागा वेगळ्या आहेत.

प्र. ३. पॅच समोर आला. पहिली नजर कुठे टाकायची?

कोडवर नको. वही घ्या आणि दोन गोष्टी लिहून काढा.

एक, बिट-क्लॉकचं (तारेवर दर बिटाला पडणाऱ्या ठोक्याचं) गणित: सॅम्पल रेट गुणिले स्लॉट गुणिले स्लॉटची रुंदी. आपल्या रेकॉर्डरला ४८,००० × ८ × ३२ = १,२२,८८,००० हर्ट्झ, म्हणजे १२.२८८ मेगाहर्ट्झ. ४४,१०० ला तेच ११.२८९६ मेगाहर्ट्झ होतं, आणि ९६,००० ला २४.५७६. हे आकडे चिपच्या माहितीपत्रकात दिलेल्या कमाल मर्यादेत बसतात का, आणि बोर्डावरच्या क्लॉकमधून पूर्णांकाने भाग जाऊन मिळतात का, ते बघा. बोर्डावर फक्त १२.२८८ चा क्रिस्टल आहे, पीएलएल (एका क्लॉकपासून दुसरा बनवणारा भाग) नाही आणि पॅच ४४,१०० ची परवानगी देतो, तर पुढचा कोड वाचायच्या आधीच पहिली हरकत लिहा.

दोन, तक्ता. आठ ओळी काढा: माइक, एडीसी चिप आणि तिचा इनपुट, स्लॉट, ॲपच्या बफरमधली जागा. कोड वाचताना एकेक रकाना भरत जा. ज्या रकान्याचं उत्तर कोडमध्ये सापडत नाही, तिथे हार्डवेअरच्या मूळ स्थितीवर भरवसा ठेवलेला असतो. तो चालेल की नाही, हे पॅच पाठवणाऱ्याला विचारा.

प्र. ४. चॅनल्स-मिन २ आणि चॅनल्स-मॅक्स ८ दिलं आहे. बरोबर ना?

हार्डवेअर २, ३, ४, ५, ६, ७, ८ हे सगळे आकडे खरंच चालवत असेल तरच. हे दोन आकडे सलग पल्ला सांगतात. चिप फक्त २, ४ आणि ८ घेत असेल तर ॲप ५ मागेल, अल्सा हो म्हणेल आणि शेवटी एचडब्ल्यू-पॅराम्समध्ये (मागितलेले चॅनल, रेट, फॉरमॅट हार्डवेअरवर बसवणाऱ्या फंक्शनमध्ये) चूक परत जाईल. ॲपला तेव्हा दुसरा पर्याय शोधायला वाव राहत नाही.

उपाय स्टार्टअप कॉलबॅकमध्ये (प्रवाह उघडताना बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये): एसएनडी-पीसीएम-एचडब्ल्यू-कन्स्ट्रेंट-लिस्ट वापरून चॅनलांची यादी बांधून द्यायची. मग वाटाघाटीतच ५ गळून पडतो आणि प्लग थर (ॲप आणि ड्रायव्हर यांच्यामधला रूपांतर करणारा थर) ४ किंवा ८ निवडतो. यादीचा आकडा हाताने लिहिलेला असेल तर ॲरे-साइझ (यादीतले आकडे मोजणारा मॅक्रो) वापरायला सांगा. पुढे कुणी १६ वाढवला की हाताने लिहिलेला ३ तसाच राहतो. प्लेबॅक (वाजवणं) आणि कॅप्चर (ध्वनिमुद्रण) यांचे आकडे वेगवेगळे असतात, तेही दोन्हीकडे पाहा. एका बाजूचे दुसरीकडे चिकटवलेले बऱ्याचदा सापडतात.

प्र. ५. एचडब्ल्यू-पॅराम्स फंक्शनमध्ये नेमकं काय काय तपासायचं?

सर्वांत जास्त चुका इथेच सापडतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

पहिली गोष्ट, हे फंक्शन एका उघडण्यात अनेकदा बोलावलं जाऊ शकतं. आधी ८ चॅनल, मग त्याच हँडलवर २. आता चार डेटा लाइनींच्या चिपचा असा कोड बघा: स्विचमध्ये केस ८ ला चौथी डेटा लाइन चालू, मग फॉलथ्रू (न थांबता पुढच्या केसमध्ये जाणं), केस ६ ला तिसरी, फॉलथ्रू, केस ४ ला दुसरी, केस २ ला पहिली. वाचायला सुबक आहे. पण ८ नंतर २ मागितले की दुसरी, तिसरी, चौथी लाइन बंद करणारी ओळ कुठेच नाही. त्या चालूच राहतात. बरोबर पद्धत अशी की आधी सगळ्या लाइनींचा एकच मास्क (कोणते बिट चालू ते सांगणारा आकडा) काढायचा आणि रजिस्टरच्या पूर्ण फील्डवर एकदाच लिहायचा. लागणारे बिट १, बाकीचे ०. क्लॉक चालू करणं किंवा मेमरी घेणंही याच फंक्शनमध्ये असेल, तर दुसऱ्यांदा आल्यावर मोजणी दुप्पट होते का तेही विचारा.

दुसरी गोष्ट, फील्डची रुंदी. चॅनलसंख्येचं फील्ड तीन बिटांचं असलं तर त्यात ० ते ७ मावतात. ८ हा आकडा बायनरीत १००० असतो, मास्क लावला की ००० उरतो. अशा चिपमध्ये बहुधा 'संख्या वजा एक' लिहायची असते, म्हणजे ८ साठी ७. कोड २ आणि ४ ला चालतो असं दाखवून पॅच आलेला असेल तरी ८ साठीचं गणित हातानं करून पाहा. ही चूक कंपायलर पकडत नाही.

तिसरी गोष्ट, परत येणारा आकडा. रजिस्टरचे बिट बदलणारं रेगमॅप-अपडेट-बिट्स यश आलं की ० देतं. एसएनडी-एसओसी-कंपोनंट-अपडेट-बिट्स मात्र रजिस्टर बदललं तर १, न बदललं तर ० आणि चूक असेल तर ऋण आकडा देतं. त्यापुढे 'आकडा शून्य नसेल तर चूक' अशी अट लिहिली की पहिल्या वेळी रेकॉर्डिंग फसतं आणि दुसऱ्या वेळी चालतं, कारण तेव्हा रजिस्टर आधीच बदललेलं असतं. 'एकदा अडतं, पुन्हा दाबलं की चालतं' अशी तक्रार आली तर आधी ही ओळ शोधा. अट 'शून्यापेक्षा कमी' अशी हवी.

चौथी, बिट-क्लॉक. टीडीएमचे स्लॉट बांधलेले असताना क्लॉकचं गणित ॲपने मागितलेल्या चॅनलसंख्येवर केलं असेल तर ते चूक. ॲपने चारच चॅनल मागितले तरी तारेवरची गाडी आठ डब्यांचीच असते. एसएनडी-एसओसी-पॅराम्स-टू-बीसीएलके हे फंक्शन ॲपच्या चॅनलांवरून मोजतं. टीडीएमसाठी एसएनडी-एसओसी-टीडीएम-पॅराम्स-टू-बीसीएलके आहे, त्याला स्लॉटसंख्या आणि रुंदी वेगळी देता येते.

प्र. ६. सेट-टीडीएम-स्लॉटचे मास्क नेहमी गोंधळात टाकतात. टीएक्स कुणाचा, आरएक्स कुणाचा?

सेट-टीडीएम-स्लॉट हे फंक्शन कोणत्या चिपला कोणते स्लॉट ते ठरवतं. टीएक्स म्हणजे पाठवणं, आरएक्स म्हणजे घेणं. आधी सरळ भाग. सर्वांत खालचा बिट म्हणजे पहिला स्लॉट. मास्कमधला पहिला चालू बिट त्या डीएआयच्या (चिपच्या डिजिटल ऑडिओ जोडाच्या) पहिल्या चॅनलला मिळतो, दुसरा चालू बिट दुसऱ्याला. आपल्या रेकॉर्डरमध्ये पहिल्या एडीसीला ००००११११ आणि दुसऱ्या एडीसीला ११११००००, स्लॉट ८, रुंदी ३२. दुसऱ्या चिपचा पहिला माइक पाचव्या स्लॉटवर जातो. स्लॉटसंख्या ० दिली की टीडीएम बंद होतं आणि मास्ककडे कुणी पाहत नाही.

आता अवघड भाग. फंक्शनचं वर्णन सांगतं की मास्क म्हणजे त्या डीएआयने लिहायचे किंवा वाचायचे स्लॉट. त्यावरून एडीसी तारेवर लिहितो, म्हणून त्याचा टीएक्स, असं वाटतं. पण एसओसीचा गाभा टीएक्स मास्क प्लेबॅक प्रवाहाशी आणि आरएक्स मास्क कॅप्चर प्रवाहाशी जोडून ठेवतो, कोडेकसाठीसुद्धा. एचडब्ल्यू-पॅराम्सच्या वेळी त्या मास्कमधले चालू बिट मोजून तो कोडेकला चॅनलसंख्या कळवतो. म्हणजे कॅप्चरसाठी आरएक्स मास्कमध्ये चार बिट असतील तर आठ चॅनलच्या रेकॉर्डिंगमध्येही प्रत्येक एडीसीला ४ हाच आकडा दिसतो, आणि तेच हवं असतं. कोडेक ड्रायव्हरने मात्र आपल्या कॉलबॅकमध्ये कोणता मास्क कोणत्या रजिस्टरला लावला आहे, ते त्या ड्रायव्हरमध्येच वाचावं लागतं. नावावर विसंबू नका. मशीन ड्रायव्हरचा (बोर्डावरचे पोर्ट आणि कोडेक जोडणाऱ्या कोडचा) रिव्ह्यू करताना कोडेकचा कॉलबॅक शेजारी उघडून ठेवा.

आणखी दोन तपासण्या. दोन चिपच्या मास्कांचा बिटवार 'आणि' (अँड) काढला तर उत्तर शून्य यायला हवं. नाहीतर दोन चिप एकाच वेळी तार ओढतात. आणि आपला स्लॉट नसताना चिप तार सोडते की ० लिहीत राहते, याचं एक वेगळं रजिस्टर असतं. दोन चिप असताना ते बसवलेलं हवंच.

प्र. ७. डिव्हाइस ट्रीमध्ये मास्क १५ दिला, तरी एकच चॅनल येतो. का?

कारण डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, मास्क हा एक आकडा नसतो. डीएआय-टीडीएम-स्लॉट-आरएक्स-मास्क या गुणधर्मात प्रत्येक स्लॉटसाठी वेगळा रकाना असतो, १ किंवा ०. वाचणारं फंक्शन 'या रकान्यात शून्याखेरीज काही आहे का' एवढंच पाहतं. १५ हा एकच रकाना झाला, म्हणून फक्त पहिला स्लॉट चालू. चार स्लॉटसाठी १ १ १ १ असं लिहायचं, दुसऱ्या एडीसीसाठी ० ० ० ० १ १ १ १. रचना नियमाला धरून असल्याने कंपाइल करताना हे अडत नाही. रिव्ह्यू करणाऱ्यानेच पकडायची चूक आहे ही.

प्र. ८. सगळे चॅनल जागेवर येतात, पण आवाज मोठा झाला की फाटतो. माइकचा दोष आहे का?

माइक बदलायच्या आधी फॉरमॅट तपासा. टीडीएमच्या डीएसपी-ए फॉरमॅटमध्ये फ्रेम-सिंकनंतर एक बिट-क्लॉक सोडून पहिला बिट येतो, डीएसपी-बी मध्ये लगेच. एका बाजूला ए आणि दुसऱ्या बाजूला बी लागलं की सगळं एका बिटाने सरकतं, आणि ते कुठल्या दिशेने सरकलं त्यावर लक्षण ठरतं.

पाठवणारा बी, घेणारा ए: घेणारा एक बिट उशिरा वाचतो. चिन्हाचा बिट गळतो, बाकीचे एक घर डावीकडे सरकतात, म्हणजे आकडा दुप्पट, आवाज सुमारे ६ डेसिबलने जास्त. हळू आवाजात चिन्हाच्या बिटाशेजारचा बिटही त्याच चिन्हाचा असतो, म्हणून सगळं स्वच्छ ऐकू येतं. टेबलावर बोटांनी टकटक करून, 'हॅलो, हॅलो' म्हणून घेतलेली चाचणी पार पडते. पण आवाज पूर्ण क्षमतेच्या निम्म्यावर गेला की आकडा उलटून ऋण होतो. गाणं टिपेला पोचलं, ढोलकीवर जोरात थाप पडली, की नेमकं तिथेच फाटतं. माइक, प्रीॲम्प, वायर बदलून काही फरक पडत नाही.

पाठवणारा ए, घेणारा बी: घेणारा एक बिट आधी वाचतो. त्याच्या चिन्हाच्या जागी मागच्या स्लॉटचा शेवटचा बिट येतो. ३२ बिटांच्या स्लॉटमध्ये २४ बिटांचा डेटा असेल तर तो बिट ०. मग प्रत्येक लहान ऋण आकडा जवळजवळ कमाल धन होतो आणि शांत खोलीतही कर्कश घरघर ऐकू येते. हा प्रकार निदान लपत नाही.

म्हणून पॅचमध्ये फॉरमॅट बदलला असेल तर 'चाचणी कोणत्या पातळीला घेतली' हे विचारा. पूर्ण पातळीच्या खाली ३ डेसिबलची साइन लहर आठही चॅनलवर हवी. खाली ७ डेसिबल किंवा त्याहून हळू लहरीने पहिला प्रकार सापडत नाही.

प्र. ९. ५.१ ची फाइल लावली की संवाद मागच्या डाव्या स्पीकरमधून येतात. ड्रायव्हर चुकला का?

चॅनलचा क्रम चुकला आहे. अल्साचा रूढ क्रम असा: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, मधला, सबवूफर. वेव्ह फाइलचा क्रम: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, सबवूफर, मागचा डावा, मागचा उजवा. एचडीएमआयचा तिसराच: पुढचे दोन, मग सबवूफर, मग मधला, मग मागचे दोन. वेव्हचा क्रम तसाच अल्साच्या क्रमात ओतला तर तिसऱ्या जागेवरचा मधला चॅनल मागच्या डाव्यात पडतो. संवाद तिथेच असतात.

रिव्ह्यूत बघायचं ते हे: ड्रायव्हर आपला चॅनल मॅप जाहीर करतो का, आणि तो प्रत्यक्ष स्लॉटशी जुळतो का. मॅप जाहीर करून आतमध्येही अदलाबदल करणारा कोड असेल तर दोनदा बदल होतो. एकाच जागी करा म्हणावं. आठ माइकच्या रेकॉर्डरला 'पुढचा डावा' वगैरे नावं लागू नाहीत. तिथे खोटा मॅप देण्यापेक्षा न दिलेला बरा.

प्र. १०. तासभर नीट चालतं, मग अचानक सगळे चॅनल एकेक घर पुढे सरकतात. हे कशाने होतं?

फिफो (पोर्टमधली नमुन्यांची छोटी रांग) भरून वाहिला की बरीचशी हार्डवेअर पूर्ण फ्रेम गाळत नाहीत, एखादा शब्द (एका चॅनलचा नमुना) गाळतात. एक शब्द गेला की त्यानंतरचा प्रत्येक नमुना शेजारच्या जागेवर. एसडी कार्डावर लिहिताना यंत्रणा क्षणभर अडकली तरी हे होऊ शकतं.

कोडमध्ये तीन जागा पाहा. थांबवताना पोर्ट बंद करून फिफो रिकामा केला जातो का. सुरू करताना डीएमए आधी आणि पोर्ट नंतर, तेही फ्रेमच्या सुरुवातीला, असं होतं का. आणि डीएमएचा बर्स्ट (एका दमात हलवलेला डेटा) फ्रेमच्या पटीत आहे का.

तिसऱ्याचं गणित करून दाखवतो. सहा चॅनल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे २४ बाइटची फ्रेम. बर्स्ट ८ शब्दांचा, ३२ बाइट. ४८० फ्रेमचा पिरियड (बफरचा एक हप्ता) ११,५२० बाइट, त्याला ३२ ने पूर्ण भाग जातो, ३६० बर्स्ट. पण ४४१ फ्रेमचा पिरियड १०,५८४ बाइट, ३२ ने भागले तर ३३० बर्स्ट आणि २४ बाइट उरतात. त्या उरलेल्या बाइटचं काय होतं ते डीएमए कंट्रोलरवर अवलंबून. ८ चॅनलला फ्रेमच ३२ बाइटची असते, म्हणून हा दोष ८ ला दिसत नाही आणि ६ ला दिसतो. उपाय दोन: बर्स्ट चॅनलसंख्येवरून ठरवणं, किंवा एसएनडी-पीसीएम-एचडब्ल्यू-कन्स्ट्रेंट-स्टेप लावून पिरियडचे बाइट ठरावीक पटीत बांधणं.

प्र. ११. २४ बिट म्हणजे ३ बाइट की ४?

दोन्ही फॉरमॅट आहेत. एस२४-एलई मध्ये नमुना ४ बाइटच्या जागेत बसतो, एस२४-३एलई मध्ये ३ बाइटच्या. पॅराम्स-विड्थ दोन्हींना २४ सांगतं. पॅराम्स-फिजिकल-विड्थ पहिल्याला ३२ सांगतं, दुसऱ्याला २४. बफर आणि डीएमएची रुंदी फिजिकलवरून काढायची. स्लॉटची रुंदी मात्र तारेची बाब आहे, तिथे एवढंच पाहायचं की ती पॅराम्स-विड्थपेक्षा कमी नाही.

प्र. १२. रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोनवर ऐकायला गेलं की रेकॉर्डिंग बिघडतं. कोडमध्ये कुठे बघू?

प्लेबॅक आणि कॅप्चर एकच बिट-क्लॉक वापरत असतील तर दुसऱ्या प्रवाहाच्या एचडब्ल्यू-पॅराम्सने चालू क्लॉक बदलला असणार. डीएआयच्या रचनेत सिमेट्रिक-रेट, सिमेट्रिक-चॅनल्स आणि सिमेट्रिक-सॅम्पल-बिट्स असे ध्वज आहेत. जुन्या कर्नलमध्ये पहिल्याचं नाव सिमेट्रिक-रेट्स आणि तिसऱ्याचं सिमेट्रिक-सॅम्पलबिट्स आहे, बॅकपोर्ट करताना (नवा बदल जुन्या कर्नलमध्ये नेताना) लक्ष ठेवा.

तिन्ही सरसकट लावू नका. आपल्या रेकॉर्डरला कॅप्चर ८ आणि हेडफोन २ चॅनलचा. सिमेट्रिक-चॅनल्स लावला तर हेडफोनलाही ८ मागावे लागतील. इथे स्लॉट ८ वर कायम ठेवून क्लॉक स्लॉटवरून काढायचा (प्र. ५ मधला चौथा मुद्दा) आणि फक्त रेटचा ध्वज लावायचा. सामायिक रजिस्टरवर लिहिण्याआधी दुसरा प्रवाह चालू आहे का, ही तपासणीही हवी.

प्र. १३. ट्रिगरमध्ये कोडेकचे चॅनल चालू केले तर चालेल का?

कोडेक आय-टू-सीवर असेल तर नाही. ट्रिगर (प्रवाह सुरू-बंद करणारा कॉलबॅक) मूळ स्थितीत ॲटॉमिक संदर्भात चालतो, तिथे झोपणारं (थांबून वाट पाहणारं) काहीही चालत नाही आणि आय-टू-सीचा व्यवहार झोपतो. ते काम प्रिपेअर (सुरू करण्याआधीचा तयारीचा कॉलबॅक) किंवा डीएपीएममध्ये (ऑडिओचे भाग गरजेप्रमाणे चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेत) न्या. प्रिपेअरही पुन्हा पुन्हा येतं, तेव्हा प्र. ५ मधला पहिला मुद्दा तिथेही लागू.

प्र. १४. यंत्र झोपून उठलं की पहिलेच दोन चॅनल येतात, बाकीचे मुके. असं का?

यंत्र जागं झाल्यावर एचडब्ल्यू-पॅराम्स पुन्हा येईलच असं धरू नका. चिपची वीज गेली असेल तर रजिस्टरं मूळ स्थितीत जातात, आणि मूळ स्थिती बहुधा स्टिरिओ असते. रेगमॅपची कॅश (रजिस्टरांच्या आकड्यांची मेमरीतली नक्कल) रिझ्यूममध्ये रेगकॅश-सिंकने परत लिहिली जाते का ते पाहा. चॅनल आणि स्लॉटची रजिस्टरं चुकून व्होलाटाइल (हार्डवेअर आपणहून बदलतं अशी) म्हणून नोंदवली असतील तर ती कॅशमध्ये राहतच नाहीत, आणि सिंक करूनही परत येत नाहीत. नवीन रजिस्टर जोडणाऱ्या पॅचमध्ये व्होलाटाइलची यादी आणि मॅक्स-रजिस्टर या दोन्ही जागा वाचा.

प्र. १५. माझ्याकडे ते हार्डवेअर नाही. तरी रिव्ह्यूला अर्थ आहे का?

आहे. वर सांगितलेल्यातलं जवळजवळ सगळं वही-पेन आणि माहितीपत्रकावर सापडतं. बाकीचं पॅच पाठवणाऱ्याकडून मागवा: एपलेचा (अल्साच्या वाजवायच्या आज्ञेचा) डंप-एचडब्ल्यू-पॅराम्स पर्याय लावून आलेलं उत्तर, आणि चालू रेकॉर्डिंगच्या वेळी प्रॉक-एसाउंडखालच्या त्या प्रवाहाच्या एचडब्ल्यू-पॅराम्स फाइलमधला मजकूर.

चाचणी 'एचडब्ल्यू' डिव्हाइसवर घ्यायला सांगा, 'प्लगएचडब्ल्यू'वर नको. प्लग थर चॅनल, रेट, फॉरमॅट आपणहून बदलून देतो आणि ड्रायव्हरची चूक झाकतो. प्लेबॅकसाठी स्पीकर-टेस्ट आठ चॅनलवर चालवा, एकेक चॅनल निवडायचा पर्यायही त्यात आहे. कॅप्चरसाठी प्रत्येक इनपुटला वेगळी वारंवारता द्या: पहिल्याला ३००, दुसऱ्याला ४००, असं करत आठव्याला १,००० हर्ट्झ. फाइल उघडली की कोण कुठे गेलं ते नुसत्या नजरेनं दिसतं. सगळ्यांना एकच लहर दिली तर अदलाबदल कधीच कळणार नाही.

प्र. १६. रिव्ह्यूची हरकत कशी लिहावी? आणि रिव्ह्यूड-बाय कधी द्यावं?

ओळ, कोणत्या आकड्याला काय होतं आणि का, एवढं लिहा. 'हे चूक वाटतं' याने समोरच्याचा दिवस जातो. 'चॅनल ८ असताना हे फील्ड ० होतं, कारण ते तीन बिटांचं आहे, वजा एक करावं लागेल' याने पाच मिनिटांत दुरुस्ती होते. आपसात चर्चा अहिराणीत करा, खुशाल करा, मुद्दा लवकर पोचतो. लेखी हरकत मात्र इंग्रजीत, कारण तो कोड पुढे कोण वाचेल ते ठरलेलं नाही.

पूर्ण वाचून पटलं तर रिव्ह्यूड-बाय. हार्डवेअरवर चालवलं तर टेस्टेड-बाय, आणि कोणत्या बोर्डावर, किती चॅनलवर तेही लिहा. दोन चॅनलवर चालवून आठच्या पॅचला टेस्टेड-बाय देऊ नका.

प्र. १७. मास्क काढायला '१ डावीकडे चॅनलसंख्येइतकं सरकवून वजा १' वापरलं आहे. यात काही खोट?

आठ-सोळापर्यंत नाही. चॅनल ३२ झाले की ३२ बिटांचा आकडा ३२ घरं सरकतो, आणि सी भाषेत त्याचा निकाल ठरलेला नाही. जेनमास्क हा कर्नलचा मास्क बनवणारा मॅक्रो वापरा: वरचा बिट चॅनल वजा एक, खालचा ०. पण चॅनलसंख्या ० असू शकत असेल तर वजा एक केल्यावर तिथेही घोळ होतो, म्हणून आधी ० ची तपासणी.

प्र. १८. एकाच चॅनलचं रेकॉर्डिंग मागितलं तर?

बरीच हार्डवेअर मोनो घेतच नाहीत, दोनचाच जोड घेतात. तेव्हा चॅनल्स-मिन २ ठेवायचं आणि मोनोचं काम प्लग थरावर सोडायचं. चॅनल्स-मिन १ लिहून आत गुपचूप दोन चालवले तर डीएमएला दुप्पट नमुने मिळतात, ॲप ते एकाच चॅनलचे समजतं, आणि फाइल वाजवली की गाणं निम्म्या वेगाने, जाड्या आवाजात येतं. पॅचमध्ये चॅनल्स-मिन १ दिसला की एचडब्ल्यू-पॅराम्समध्ये १ साठी वेगळी वाट आहे का ते शोधा. नसेल तर ती ओळ २ करायला सांगा.